विश्लेषण : गिटार न वाजवणारा लिओ फेंडर आणि त्याचा पाच वॉटचा ट्यूब ॲम्प

इलेक्ट्रिक गिटार घेऊन झाली की पुढचा प्रश्न ॲम्प्लिफायरचा. रत्नागिरी, चिपळूण, लांजा भागात ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेजच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या मुलांना तो पडतोच. त्यातही ‘ट्यूब ॲम्प’चं आकर्षण मोठं. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून मन १०० वॉटच्या कपाटाएवढ्या ॲम्पवर जातं, खिसा पाच वॉटच्या डब्याशी थांबतो आणि निर्णय लांबत राहतो. वस्तू महाग असते. ती बहुतेक वेळा हात न लावता, आवाज न ऐकता ऑनलाइन मागवायची असते. आणि बिघडली तर दुरुस्त करणारा गावात मिळेलच असं नाही.

हा प्रश्न साधारण ८० वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका माणसाने वाजवणाऱ्यांच्या बाजूने सोडवायला घेतला होता. शिक्षणाने तो हिशेबनीस, धंद्याने रेडिओ दुरुस्त करणारा. त्याचा एक डोळा काचेचा होता आणि त्याला गिटार वाजवता येत नव्हती. लिओ फेंडर हे त्याचं नाव. आज जगभर ते गिटारच्या डोक्यावर छापलेलं दिसतं, पण त्याची सुरुवात गिटारपासून झाली नाही. आवाज मोठा करण्याच्या यंत्रापासून झाली. म्हणूनच छोटा ट्यूब ॲम्प निवडताना त्याची गोष्ट उपयोगी पडते.

संत्र्याच्या बागेतलं बालपण

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर याचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात, ॲनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या मधल्या शेतावर झाला. आईवडिलांची संत्र्याची बाग होती. ऑरेंज काउंटी हे जिल्ह्याचं नाव तेव्हा अक्षरशः खरं होतं. आपल्याकडे आंब्या-काजूच्या बागेतल्या घरात मूल वाढावं तसाच तो वाढला. आठव्या वर्षी आजारात त्याचा डावा डोळा गेला. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच कारणाने त्याला सैन्यात घेतलं नाही. युद्धाच्या त्या वर्षांत त्याने जे काम केलं, त्यावर त्याचं पुढचं आयुष्य उभं राहिलं.

त्याच्या मामाचं सांता मारिया गावात मोटारींच्या वायरिंगचं दुकान होतं. लिओ तेरा-चौदा वर्षांचा असताना मामाने त्याला रेडिओच्या सुट्या भागांनी भरलेला खोका पाठवला. नंतर मामाच्या दुकानात गेल्यावर त्याने घरी बनवलेला एक रेडिओ कर्ण्यातून मोठमोठ्याने वाजताना ऐकला. त्या आवाजाने तो झपाटला. पियानोचे धडे घेऊन झाले होते, सॅक्सोफोनही वाजवून झाला होता, पण खरी गोडी लागली ती त्या खोक्याची. शाळकरी वयातच तो लोकांचे रेडिओ दुरुस्त करून देऊ लागला.

तरी कॉलेजात त्याने हिशेबशास्त्र घेतलं. इलेक्ट्रॉनिक्सचं रीतसर शिक्षण त्याने कधीच घेतलं नाही. (इंजिनीअरिंगची चार वर्षं काढलेल्या माझ्यासारख्याला हे वाक्य लिहिताना जरा जड जातं. आम्हाला ट्रान्झिस्टर पानोपानी शिकवला, व्हॉल्व्हच्या वाट्याला प्रस्तावनेतला एक परिच्छेद आला.)

नोकरी गेली आणि दुकान उघडलं

कॉलेजनंतर तो बर्फ आणि शीतगृहाच्या एका कंपनीत लागला. आधी माल पोचवायचा, मग हिशेब लिहायचा. याच काळात एका स्थानिक बँडवाल्याने त्याच्याकडे नाचगाण्याच्या कार्यक्रमांसाठी लाउडस्पीकरची यंत्रणा मागितली आणि त्याने अशा सहा यंत्रणा बांधून दिल्या. १९३४ मध्ये एस्थर क्लोस्की हिच्याशी त्याचं लग्न झालं. मग रस्ते खात्यात हिशेबाची नोकरी, ती गेल्यावर टायर कंपनीत हिशेबाची नोकरी. जागतिक मंदीचा काळ होता. टायर कंपनीने सहा महिन्यांतच हिशेबनिसांना घरी पाठवलं.

१९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन तो फुलर्टनला परतला आणि ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ हे दुकान उघडलं. प्रत्येक तालुक्याच्या गावात एके काळी असं दुकान असायचं, तसंच हे. पुढे रेडिओ आणि रेकॉर्ड, मागे टेबलावर उघडी पडलेली यंत्रं आणि सोल्डरचा वास. गावातले वादक त्याच्याकडे बिघडलेले ॲम्प घेऊन येऊ लागले.

दुरुस्तीच्या टेबलावर यंत्राची लपवलेली बाजू दिसते. कोणता रोधक दर वेळी जळतो, कोणत्या ॲम्पच्या आत बोट जात नाही, कोणती पेटी गाडीतून उतरवताना फुटते, हे फेंडरला गिऱ्हाइकाच्या तक्रारीतूनच कळत गेलं. स्वतःला वाजवता येत नसल्यामुळे ‘मला असा आवाज आवडतो’ हा हट्टही त्याच्यात नव्हता. तो वादकांना ॲम्प वापरायला द्यायचा, कार्यक्रमाला जाऊन ऐकायचा, ते काय म्हणतात ते लक्षात ठेवायचा आणि सोमवारी पुन्हा पेटी उघडायचा. माझ्या मते त्याच्या यशाचं अर्धं श्रेय या ऐकून घेण्याला आहे.

मांडीवरची गिटार आणि आपला बेंजो

डॉक कॉफमन नावाच्या वादक-कारागिराशी त्याची गाठ पडली आणि दोघांनी १९४४-४५ च्या सुमारास ‘के अँड एफ’ ही कंपनी काढली. ते बनवायचे हवाईयन गिटार. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवतात. भारतातही तिचं मोठं वेड होतं. हजारा सिंग, व्हॅन शिपले यांच्या गिटारवरच्या चित्रपटगीतांच्या रेकॉर्ड जुन्या पिढीने मनसोक्त ऐकल्या आहेत. गिटारसोबत त्याच मापाचा छोटा ॲम्प विकायचा, ही या दोघांची कल्पना.

कोकणातल्या वाचकाला हे समजायला लांब जायला नको. आपला मिरवणुकीतला बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचा विजेवर चालणारा भाऊ. त्याचं मूळ जपानच्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. तोही आडवाच ठेवतात, त्याच्याही तारांखाली पिकअप असतो आणि ॲम्प्लिफायर नसेल तर ढोल-ताशापुढे त्याचं काही चालत नाही. तारेचं कंपन चुंबकापाशी बारीक वीज निर्माण करतं आणि ॲम्प्लिफायर ती वाढवून स्पीकर हलवतो. फेंडरच्या दुकानातलं विज्ञान ते हेच.

१९४६ मध्ये कॉफमन कर्जाच्या भीतीने बाजूला झाला. फेंडर एकटा राहिला, पण थांबला नाही. त्याच वर्षी प्रिन्सटन, डीलक्स आणि प्रोफेशनल हे त्याचे लाकडी पेटीतले ॲम्प आले. १९४८ पासून पेट्यांवर प्रवासी बॅगांसारखं जाड विणीचं कापड चढलं. त्यावरून त्या काळचे ॲम्प आजही ‘ट्वीड’ म्हणून ओळखले जातात. वरती पट्टा, मागून उघडी पेटी, पाइनचं हलकं लाकूड. वस्तू दिसायलाही प्रवासाचीच होती.

पण ट्यूब म्हणजे नेमकं काय?

आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत पिवळट प्रकाश देणाऱ्या काचेच्या नळ्या असत. त्याच या. निर्वात काचेत एक तापणारी तार, तिच्याभोवती इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड, बाहेर ते ओढून घेणारी प्लेट आणि मधे जाळी म्हणजे ग्रिड. ग्रिडवर गिटारचा बारीक सिग्नल दिला की कॅथोडकडून प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच तालात कमीजास्त होतो. बोटभर हालचालीने धरणाचा दरवाजा वरखाली व्हावा, तसं. रेडिओ चालू केल्यावर आवाज यायला थोडा वेळ लागायचा, तो ही तार तापायचा वेळ. ट्यूब ॲम्पलाही तो द्यावा लागतो.

मग ट्रान्झिस्टर स्वस्त, हलका आणि टिकाऊ असताना गिटारवाले अजून काचेच्या मागे का? उत्तर आवाज ‘फाटण्यात’ आहे. ॲम्पला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की लहरीचा माथा कापला जातो. साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये तो सुरीने कापल्यासारखा सपाट होतो आणि कानाला टोचतो. व्हॉल्व्हमध्ये तो हळूहळू दबत जातो, आणि मूळ सुराच्या जोडीला त्याच्या पटीतले सूर मिसळतात. हलक्या हाताने वाजवलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर खरखरीत, असा बोटाला उत्तर देणारा आवाज त्यातून मिळतो. फेंडरला मात्र ही खरखर नको होती. त्याला स्वच्छ आवाजच हवा होता आणि नवे ॲम्प तो अधिकाधिक स्वच्छ करत गेला. ज्या फाटलेल्या आवाजासाठी जग त्याचे जुने ॲम्प शोधतं, तो त्याच्या दृष्टीने दोष होता.

सर्वांत लहान भाऊ : चँप

फेंडरच्या ताफ्यातला सर्वांत छोटा ॲम्प विद्यार्थ्यांसाठी होता. १९४८-४९ मध्ये तो ‘चँपियन’ नावाने आला, शिकाऊ हवाईयन गिटारच्या जोडीनेही विकला जाई. पुढे त्याचं नाव ‘चँप’ झालं. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या चँपच्या आत फक्त तीन व्हॉल्व्ह आहेत. सिग्नल वाढवायला एक १२एएक्स७, स्पीकरला ताकद द्यायला एक ६व्ही६ आणि घरच्या विजेचं डीसी करायला एक ५वाय३. बाहेर एकच फिरवायचं बटण, आवाजाचं. बास नाही, ट्रेबल नाही. सुमारे पाच वॉट, स्पीकर आठ इंची.

ही यादी मुद्दाम दिली. छोटा ट्यूब ॲम्प बघताना आजही हेच आधी वाचायचं असतं : किती व्हॉल्व्ह, कोणते आणि शेवटच्या टप्प्यावर एक की जोडी. शेवटी एकच ६व्ही६ किंवा ईएल८४ असेल तर चार-पाच वॉट मिळतात. जोडी असेल तर साधारण १५ ते २२.

विद्यार्थ्यांसाठीचा हा डबा मोठ्या स्टुडिओंत शिरला, कारण तो कमी आवाजातच पूर्ण ताकदीने चालतो. मोठा ॲम्प फाटेपर्यंत चढवला तर खिडक्या हलतात. छोटा लगेच फाटतो आणि माइकसमोर आवाज मोठा की छोटा हे रेकॉर्ड ऐकणाऱ्याला कळतच नाही. एरिक क्लॅप्टनच्या १९७० च्या ‘लैला’ अल्बमच्या रेकॉर्डिंगशी चँपचं नाव जोडलेलं आहे. चँप या नावाचा ॲम्प थोड्याफार फरकाने १९८२ पर्यंत बनत राहिला.

पाच वॉट पुरतील का?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबू. दुप्पट वॉट म्हणजे दुप्पट आवाज नाही. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. पाच वॉटच्या ॲम्पपेक्षा ५० वॉटचा ॲम्प जेमतेम दुप्पट मोठा ऐकू येतो. फेंडरचा डीलक्स रिव्हर्ब २२ वॉटचा आणि ट्विन रिव्हर्ब ८५ वॉटचा. फरक सहा डेसिबलपेक्षा कमी, वजनात मात्र सरळ दहा किलोंचा : एक १९ किलोंच्या आसपास, दुसरा २९ किलोंच्या. मुंबईहून येताना पॅसेंजरच्या गर्दीत यातला कोणता उचलायचा, ते तुम्हीच ठरवा.

उलट स्पीकर किती कार्यक्षम आहे याचा फरक मोठा पडतो. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, हा आकडा स्पीकरवर दिलेला असतो. ९४ डेसिबलचा आठ इंची स्पीकर काढून १०० डेसिबलचा बारा इंची जोडला तर सहा डेसिबल फुकट मिळतात. वॉट चौपट केल्यासारखंच. पाच वॉटच्या ॲम्पला मागे बाहेरचा स्पीकर जोडायची सोय आहे का, हे म्हणूनच बघावं. स्पीकरच्या ओहमचा आकडा मात्र जुळलाच पाहिजे, आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प कधीही चालू करू नये. आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तोच सगळ्यात महाग भाग.

आता कार्यक्रमाचं. ड्रमसेट असलेल्या बँडमध्ये पाच वॉट स्वच्छ आवाजात ऐकू येणार नाहीत. फाटलेल्या आवाजात कसेबसे येतील. पण आज रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात काय किंवा गावच्या मंडपात काय, साउंडवाल्याची यंत्रणा असतेच. ॲम्पसमोर एक साधा डायनॅमिक माइक लावला की प्रेक्षकांपर्यंत आवाज पोचवणं हे मिक्सरचं काम. ॲम्पने फक्त वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू येईल एवढं करायचं. माइकची खात्री नसेल तर १५ वॉटच्या खाली जाऊ नये. १९९५ पासून मिळणारा फेंडरचा ब्लूज ज्युनियर याच गटातला : ईएल८४ ची जोडी, बारा इंची स्पीकर, वजन १४ किलोंच्या आसपास.

घरच्या रेकॉर्डिंगला गणित उलटं. पाच वॉटही फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर शेजाऱ्याला पुरून उरतात. इथे ताकद कमी करण्याची सोय शोधावी. बुगेरा व्ही५ सारख्या ॲम्पवर पाच, एक आणि ०.१ वॉट असं निवडता येतं. ब्लॅकस्टार एचटी-५ मध्ये वेगळीच, छोटी व्हॉल्व्ह शेवटच्या टप्प्यावर वापरली आहे. काहींना मागे थेट रेकॉर्डिंगची जोडणी असते, ती असेल तर उत्तम. दोन्ही कामांना एकच ॲम्प घ्यायचा असेल तर माझा कौल १५ वॉट आणि ताकद कमी करण्याचं बटण, या जोडीला. फक्त घरात वाजवायचं असेल तर पाच वॉटच्या वर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

मोठं व्हायची घाई

१९५० नंतर फेंडरची गाडी सुसाट निघाली. त्या वर्षी ब्रॉडकास्टर ही सलग लाकडाची इलेक्ट्रिक गिटार आली. ग्रेच कंपनीने त्याच उच्चाराचं नाव आपल्या ड्रमला आहे म्हणून हरकत घेतली आणि १९५१ मध्ये तिची टेलिकास्टर झाली. त्याच वर्षी प्रिसिजन बास, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. या गिटारींवर स्वतंत्र लेख होईल, इथे नको.

ॲम्पही वाढत गेले. बाससाठी बनवलेला ‘बासमन’ गिटारवाल्यांनी पळवला. लंडनमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलने १९६२ च्या सुमारास त्याच्याच आराखड्यावर आपला पहिला ॲम्प बांधला, आणि रॉकचा कर्कश अध्याय तिथून सुरू झाला. इकडे कॅलिफोर्नियात डिक डेल नावाचा डावखुरा गिटारवादक इतक्या जोरात वाजवायचा की फेंडरने दिलेले ॲम्प आणि स्पीकर एकापाठोपाठ एक जळत. त्याच्यासाठी १५ इंची स्पीकरचा ‘शोमन’ तयार झाला. तेव्हा सभागृहांत गिटारला माइक लावायची पद्धत रुळली नव्हती, म्हणून ॲम्पलाच सगळ्यांपर्यंत पोचावं लागे. १०० वॉटचा जन्म त्या गरजेतून झाला. ती गरज आज उरलेली नाही, तिचा रुबाब तेवढा उरला आहे.

कोकणातल्या विजेवर तो चालेल का?

फेंडरने आपल्या ॲम्पमध्ये एक सवय कायम पाळली. मागची फळी चार स्क्रू काढले की निघते, आत कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा छापील कागद चिकटवलेला असतो आणि भाग एका पट्टीवर मोकळे, हाताला येतील असे जोडलेले असतात. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने दुसऱ्या दुरुस्त करणाऱ्याची केलेली ही सोय. स्वस्त नव्या ॲम्पमध्ये व्हॉल्व्ह थेट छापील बोर्डावर बसवलेले असतात. ते वाईट नसतात, पण बिघडल्यावर उघडणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. घेण्याआधी आतला फोटो जरूर बघा.

त्याचे ॲम्प अमेरिकेच्या विजेसाठी होते, सुमारे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. आपल्या पिनेत २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ येतात. नातेवाइकाने अमेरिकेहून आणलेला किंवा तिथून मागवलेला ॲम्प थेट पिनेत घातला तर फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जातो. त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही ५० हर्ट्झसाठी बनवलेला आणि ॲम्पच्या गरजेहून मोठा. तो जड असतो, कार्यक्रमाला वेगळा न्यावा लागतो. २३० व्होल्टचाच ॲम्प घेणं शहाणपणाचं. पाच वॉटचा ॲम्प पिनेतून मात्र त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो, कारण व्हॉल्व्ह तापवायलाच ती खर्च होते. पावसाळ्यात वीज गेल्यावर चौकोनी लहर देणाऱ्या साध्या इन्व्हर्टरवर तो लावला तर गुणगुण ऐकू येईल.

अर्थिंगचा मुद्दा तर जिवाचा आहे. जुन्या ॲम्पना दोनच पिना असत. ॲम्पला अर्थ नसेल आणि गाण्याच्या माइकला असेल, तर गिटारच्या तारांवर हात आणि ओठ माइकला लागले की वीज अंगातून जाते. मे १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या स्वान्सी इथे लेस हार्वी हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. मंडपातल्या तात्पुरत्या वायरिंगवर वाजवणाऱ्यांनी टेस्टर खिशात ठेवावा आणि तिसरी पिन कधीही कापू नये. आणखी एक : पिन काढल्यावरही ट्यूब ॲम्पच्या कपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट राहू शकतात. काचेची नळी बदलणं सोपं आहे, पण खालची चासी उघडणं हे जाणकाराचंच काम.

आपली दमट हवा कागदी स्पीकरला आणि बटणांच्या संपर्कांना मानवत नाही. जून ते सप्टेंबर ॲम्प आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवला तर आतली उष्णताच त्याला कोरडं ठेवते. व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने आता जगात मोजकेच उरले आहेत, प्रामुख्याने स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये. आपल्या बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्सही एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवत असे. १२एएक्स७, ६व्ही६, ईएल८४ हे सहज मिळणारे प्रकार. दुर्मीळ व्हॉल्व्हचा ॲम्प कितीही गोड वाजला तरी घेऊ नये, आणि ॲम्पसोबतच एक जादा संच मागवून ठेवावा.

कंपनी गेली, नावही गेलं

पन्नासच्या दशकात फेंडरला सायनसचा जंतुसंसर्ग जडला. वर्षानुवर्षं तो बरा होईना. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची खात्री झाली की आपल्याकडे फार दिवस उरलेले नाहीत. शेकडो कामगारांचा कारखाना मागे कोणी सांभाळायचा? जानेवारी १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. दोन खोल्यांच्या रेडिओ दुकानाचा तो शेवट म्हणायचा तर भाव उत्तम आला.

नंतर त्याने डॉक्टर बदलला आणि तो बरा झाला.

आता हातात पैसा होता, तब्येत होती, पण दहा वर्षं स्पर्धेत उतरायचं नाही असा करार होता आणि स्वतःचं आडनाव कायमचं दुसऱ्याच्या मालकीचं झालं होतं. सीबीएसच्या काळात उत्पादन फुगलं आणि दर्जा घसरला अशी वादकांची तक्रार सुरू झाली. विक्रीच्या आधीचे ॲम्प आणि गिटार ‘प्री-सीबीएस’ म्हणून वेगळ्या भावाने विकले जाऊ लागले, ते अजूनही जातात. जुना ट्यूब ॲम्प विकणारा कुणी ‘१९६४ चा आहे’ म्हणाला तर तो वर्षावर एवढा जोर का देतोय, ते यावरून कळेल. सीबीएसने अखेर १९८५ मध्ये ही कंपनी तिच्याच व्यवस्थापकांना आणि कर्मचाऱ्यांना १ कोटी २५ लाख डॉलरला विकली. वीस वर्षं सांभाळून खरेदीपेक्षा कमी.

फेंडर घरी बसला नाही. जुन्या सहकाऱ्यांनी काढलेल्या ‘म्युझिक मॅन’मध्ये तो आला आणि कराराची मुदत संपल्यावर १९७५ मध्ये तिचा अध्यक्ष झाला. या कंपनीचे ॲम्प संकरित होते : पुढचा टप्पा ट्रान्झिस्टरचा, शेवटची ताकद व्हॉल्व्हची. ट्यूबच्या नावाने भावूक होणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याची निष्ठा काचेच्या नळीशी नव्हती. जे चालतं, टिकतं आणि दुरुस्त होतं ते त्याला हवं होतं. आज दोन-तीन व्हॉल्व्हच्या खऱ्या ॲम्पऐवजी नक्कल करणारा डिजिटल ॲम्प कुणी बजेटमुळे घेतला तर त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

१९७९ मध्ये एस्थर कर्करोगाने गेली. त्याच सुमारास त्याने जुना सहकारी जॉर्ज फुलर्टन याच्याबरोबर ‘जी अँड एल’ ही तिसरी कंपनी काढली. जॉर्ज आणि लिओ यांची ती आद्याक्षरं. फेंडर हे नाव वापरता येत नव्हतं, पण लिओ मधला ‘एल’ तेवढा त्याचा स्वतःचा होता. १९८० मध्ये त्याने फिलिसशी दुसरं लग्न केलं. पार्किन्सन्सने हात थरथरू लागले तरी तो रोज फुलर्टनच्या कारखान्यातल्या आपल्या खोलीत जायचा, पिकअपची वेटोळी आणि पूल यांच्यात काहीतरी बदल करत बसायचा.

२१ मार्च १९९१ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी तो गेला. आदल्या दिवसापर्यंत तो कामावर होता. पुढच्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. कारखान्यातली त्याची खोली सहकाऱ्यांनी तशीच ठेवली, टेबलावरच्या हत्यारांसकट.